दोन तासांचा फरक

मला कोस्टा रिकाचं तिकीट काढून द्यायला आईने तिचं शिलाई मशीन विकलं. तेव्हापासून मी तिला रोज हवानात फोन करतो. कोस्टा रिकाची घड्याळं हवानाच्या दोन तास मागे, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"तिकडे किती वाजले रे, युनी?"

"पावणेसात. आत्ताच हॉटेलातून सुटलो, आई. पाय नुसते बोलतायत."

हवानात रात्री नऊच्या ठोक्याला किल्ल्यावरची तोफ उडते आणि सगळं हवाना तिच्यावर घड्याळ लावतं. मी मात्र रोज नऊच्या आतच फोन ठेवतो.

काल ती ठेवूच देईना. शेजारच्या ओदालिसच्या जावयापासून घेवड्याला लागलेल्या किडीपर्यंत तिने सगळं उकरून काढलं.

"आई, ठेवू का आता?"

"थांब रे मेल्या! आईशी पाच मिनिटं बोलायला जीव जातो का तुझा?"

तेवढ्यात तोफ उडाली.

ती हळूच म्हणाली, "आज दोनदा ऐकली बघ मी. एकदा माझ्या खिडकीतून, एकदा तुझ्या फोनातून."

मग म्हणाली,

"घेवडा-भात झाकून ठेवते, ये घरी. ओदालिसने विचारलंच, तर सुट्टीवर आलायस म्हणून सांगू."