पिशवीत मावेल एवढा

"दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. हवं तर घरात बसून खेळ काय खेळायचं ते," असं म्हणत नवऱ्याने तिला गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायची परवानगी दिली. दुकानात जाताना पहाऱ्याला म्हणून आपल्या आईला सोबत धाडलं. सासूची जीभ म्हणजे सुरी, अख्खी गल्ली तिला वचकून असायची.

दुकानदाराने काचेचा, दिव्यांचा, कपाटाएवढा कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, पुढे ओढला. "ताई, पहिलाच कॉम्प्युटर बनवून घेताय ना? मग हाच घ्या. मोठे पंखे हळू फिरतात, आवाज होत नाही."

"आवाज नकोच, यांना खपत नाही. पण डबा लहान हवा," सून मान खाली घालून म्हणाली. "घरात जागा नाही."

रोज चार रिकाम्या खोल्या झाडणाऱ्या सासूने वळून तिच्याकडे पाहिलं.

"लहान डब्यात सगळं तापतं, ताई. हवा खेळायला जागा नको?"

"आमच्या घरात ती कुणाला मिळालीय?" सासू फणकारली. "दाखव लहान."

दुकानदाराने लहान डबा काढला. सासूने तो उचलून आपल्या कापडी पिशवीत घातला, कडेने हात फिरवून चाचपलं आणि परत बाहेर काढला.

"याहून लहान दाखव."

सुनेने घाईने डबा पुन्हा पिशवीत सरकवला. म्हातारीला कळलं की काय? "आई, मावतोय की."

सासू तिच्या कानाशी वाकली.



"डबा मावतोय गं. पण तुझे दोन जोड कपडे कुठे कोंबशील?"