सुटे भाग
रोज सकाळी आप्पा खोकं उघडत आणि सुट्या भागांची जुनी लाल जीप जोडायला बसत. संध्याकाळपर्यंत चाकं, दारं, स्टेअरिंग जागेवर बसलेलं असे. मग ती तळहातावर धरून ते बायकोला, दगूबाईंना, म्हणत, "देख, गाडी तयार." ते जेवून आडवे झाले, की दगूबाई हलक्या हाताने जीप उसकटून सगळे भाग परत खोक्यात ठेवत. सकाळी आप्पांना कालचं काहीच आठवत नसे. खोकं मात्र ते विसरत नसत. मुलाला, हेमकांतला, काळजी नको, म्हणून दगूबाईंनी हे फोनवर कधी सांगितलं नव्हतं. सारंगखेड्याच्या यात्रेसाठी म्हणून हेमकांत घरी आला. जीप आप्पांनी त्याच्याच लहानपणी सुरतहून आणलेली. तेव्हा त्याने तिला हातही लावला नव्हता. त्या संध्याकाळी, आई चुलीपाशी असताना, त्याने आप्पांनी जोडलेली जीप घासली, नव्याने रंगवली आणि एकेक सांधा चिकटवून टाकला. "माय, आते एक बी पुर्जा निंघाव नही." दगूबाईंनी चाक ओढून पाहिलं. ते हललं नाही. "चांगलं करं, भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी आप्पांनी खोकं उघडून आत हात फिरवला. मग फळीवरच्या चकचकीत जीपकडे बघून ते म्हणाले, "कोनी बनाडी? हात चांगला शे." हेमकांत हसला. आप्पा पुन्हा रिकाम्या खोक्यात बघू लागले. "हेमकांतनी माय, आते मी काय करू?"