एकात भागतंय

नीलच्या नव्या फोनच्या खोक्यात चार्जर निघाला नाही. "एवढे पैसे घेतात आणि साधा चार्जर देत नाहीत!" असं करवादत त्याने मनवाचाच चार्जर ऑफिसच्या बॅगेत टाकला. "तुला संध्याकाळी नवीन आणतो."

"नको रे. नाही दिला ते बरंच केलं त्यांनी. किती कचरा होतो त्याचा! आपलं एकात भागतंय की."

घरातले जुने चार्जर तिने रविवारीच बिल्डिंगखालच्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकले होते. शेजारच्या जेन आंटींनी तेव्हा तिची पाठ थोपटली होती. "सगळ्यांनी तुझ्यासारखा विचार केला पाहिजे गं."

मनवाचा फोन जुना. दुपारी जेवणं होईपर्यंत त्याची बॅटरी संपायची. मग ती दाराला कुलूप घालायची, माहीमहून बस पकडून नायगावला आईकडे जायची आणि नील यायच्या आत घरी परतायची.

आठवड्याभराने नील आला तो हातात एक चार्जर घेऊनच.

"विकत नाही हं आणला. जेन आंटी पेटीत टाकायला निघाल्या होत्या. म्हटलं, चालतोय तर मलाच द्या. आता तर कचरा नाही ना झाला?"

नीलने तिचा फोन स्वतःच चार्जिंगला लावला आणि हसून म्हणाला,

"दुपारी मॅपवरून तुझा ठिपका गायबच व्हायचा गं. आता दिवसभर दिसशील."