तातोबांची गोड वाचा

तातोबा मगदूम खवळले की एसटीच्या मिरज डेपोतली बंद गाडीसुद्धा घाबरून चालू व्हायची, असं लोक सांगत. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली, राग मात्र तसूभर गेला नाही. मग डॉक्टर किणीकरांनी प्रयोग म्हणून त्यांच्या कानामागे एक यंत्र चिकटवलं. ते मेंदूची चित्रं टिपायचं आणि मनातलं बोलून दाखवायचं. फक्त इस्पितळाच्या समितीनं त्याला सभ्यपणा शिकवून ठेवला होता.

आज बायकोची सही झाली की ते हाडात कायमचं बसणार होतं.

"काय तातोबा, समाधानी ना?" डॉक्टरांनी विचारलं.

'मुडद्या, काढ हे भूत!' तातोबा मनात गरजले.

"मी आपला ऋणी आहे," यंत्र मधाळ आवाजात म्हणालं.

तातोबांच्या कपाळाची शीर तडतडली. धड असलेली डावी मूठ पलंगावर आदळली.

"आनंदानं हात हलवला," डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि कागद बायकोपुढे सरकवला.

'अगं ए, सही केलीस तर बघ!'

"चंपा, तू विचार करूनच सही करशील," यंत्र म्हणालं.

पेन जागीच थांबलं. एकावन्न वर्षांचा संसार नुसत्या 'अगं ए'वर झाला होता.

"हा कोण परका बाप्या माझं नाव घेतोय?" म्हणत चंपाबाईंनी यंत्र उपटून काढलं.

तातोबांच्या घशातून शब्दाविना अशी डरकाळी फुटली की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"हां, आता हे बोलले," चंपाबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय. घ्या लिहून."