पेल्यावरचे नाव

“गोदा हे नाव सुचवलं कुणी?” मधुसूदनरावांनी तिसऱ्यांदा विचारले.

मुलगा श्रीरंग पाळण्याची दोरी ओढत राहिला. नातीचे बारसे उद्यावर आले होते. “आम्हां दोघांना आवडलं, बाबा,” एवढेच तो म्हणाला.

संस्कृतच्या या निवृत्त प्राध्यापकांना ते पटण्याजोगे नव्हते. घरातल्या प्रत्येक स्त्रीनामाची व्युत्पत्ती त्यांना मुखोद्गत होती. सून मृण्मयी, म्हणजे मातीची घडलेली. पत्नी भानुमती, म्हणजे तेजस्विनी. गोदा म्हणजे गाई देणारी, आणि पुढे नदी. अर्थाविषयी तक्रार नव्हती. परंतु आजचे तिशीतले जोडपे असले जुनाट नाव उगाच ठेवीत नाही. त्यामागे कुणी खरीखुरी गोदा असलीच पाहिजे.

त्यांना पुरावाही सापडला. श्रीरंगच्या कपाटात एक काळवंडलेला पितळी पेला होता आणि त्यावर ‘गोदा’ एवढीच अक्षरे वाचता येत होती. मुलाच्या जुन्या प्रेमाचे नाव नातीने जन्मभर वाहायचे? बारशात चारचौघांसमोर ते नाव अडवायचे, असा त्यांनी निश्चय केला.

भानुमतीबाई घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या. गोदा कोण, हे मधुसूदनरावांनी त्यांना सरळच विचारले.

“होती एक. वैजापूरची.”

“आता कुठं असते?”

“कुणी नाव काढत नाही तिचं.”

वैजापूर म्हणजे हिचे माहेर. तेव्हा मायलेकांचे संगनमत दिसते! मधुसूदनराव करड्या आवाजात म्हणाले, “नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं शास्त्र आहे.”

“ठाऊक आहे. तुम्ही एकदा सांगितलं होतंत,” बाई खाली मान घालून म्हणाल्या आणि एक खडा वेचून बाजूला ठेवला.

पेला पिशवीत घालून ते तडक शहागंजात गेले. साहेबराव भांडेवाल्यांनी चिंच लावून तो घासायला घेतला.

“सर, हातानं कोरलेलं काम हाय. लई जुनं. तुमच्या पोराच्या वयाचं नाय हे भांडं.”

“उजळा आधी. आणि काय लिहिलंय ते वाचा.”

साहेबरावांनी पेला उन्हात धरला. “चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी गोदा हिस मामाकडून. वैजापूर. एकवीस मे एकोणऐंशी.”

त्याच दिवशी, वैजापूरच्याच मांडवात, मधुसूदनरावांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नववधूचे नवे नाव लिहिले होते : भानुमती.