हातावरची पट्टी

खुर्चीत बसल्याबसल्या दत्तूकाकांनी डाव्या हातावरची पट्टी अंगठ्याने दाबली आणि ब्लँकेट गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"बाबा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं नको," त्यांची लेक प्रणिता म्हणाली. "आईचा फोन येईल आता."

परदेशात, लेकीच्या गावी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलातली ही सहावी खेप. मानेत, काखेत, पोटात गाठी वाढवणारा, लाखात एखाद्यालाच होणारा आजार, आणि त्यावर दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं औषध. मघाशीच डॉक्टरांनी स्कॅन दाखवला होता. गाठी होत्या तेवढ्याच. आजचा डोस देऊन बघू, नाही लागू पडला तर हे औषध बंद. पुढे काय, हे विचारायचा काकांना धीरच झाला नाही. ते मनातून पार हादरले होते.

फोन वाजला. पुण्यात श्यामलाबाईंची पूजा नुकतीच आटोपली होती. बायपास झाल्यापासून त्यांना विमानप्रवास बंद होता, म्हणून जे काय बघायचं ते व्हिडिओवर.

"अहो, हात दाखवा."

काकांनी पट्टीचा हात वर केला.

"दुखतंय?"

"छे गं. मुंगी चावल्यासारखं."

"आणि स्कॅन?"

काकांनी प्रणिताकडे पाहिलं. पस्तीस वर्षं वर्गात पोरांच्या थापा पकडल्या, पण स्वतःला एक धड मारता येत नव्हती.

प्रणिताने फोन ओढून घेतला. "आई, एकदम मस्त. डॉक्टर खूश आहेत."

"तू का गं अशी वाळलीस? यांच्या पायी नुसती फरफट होते तुझी. चार घास वेळेवर खात जा."

"अगं, हीप्स, म्हणजे ढीगभर खाते मी."

"अहो, ऐकताय ना? आपलं काय, वय झालं. तुम्ही सोसाल, मीही सोसेन. पण पोरीला जपा."

"जपतो," काका म्हणाले, आणि त्यांनी बाहीने डोळे टिपले.

"रडताय काय लहान मुलासारखे!" म्हणत श्यामलाबाईंनी फोन ठेवला.

नर्स औषधाची पिशवी घेऊन आली आणि तिथल्या माओरी रीतीने नमस्कार करत म्हणाली, "किया ओरा, दत्तू! झालं बोलणं?"

काका खुर्चीतून उठले. ब्लँकेटची घडी घातली. हातावरची पट्टी ओढून खिशात टाकली. खालच्या कातडीवर सुईची एकही खूण नव्हती.

नर्सने दर वेळेसारखं विचारलं, "नाव? जन्मतारीख?"

"प्रणिता दत्तात्रेय आगाशे," रिकाम्या खुर्चीत बसून जॅकेटची बाही वर सारत ती म्हणाली. "नऊ मे, एकोणीसशे ब्याण्णव."