सतरा नंबरची डबी

अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात पीएचडी करणाऱ्या जुईलीनं बेहड्याच्या सालीच्या अर्कापासून रंग उजळवणारं मलम तयार केलं. चाळीस बायकांना तिनं आठ आठवडे लावायला डब्या दिल्या. निम्म्या डब्यांत अर्क होता, निम्म्यांत नुसतंच मलम. कुणाच्या वाट्याला काय आलं, हे शेवटच्या दिवसापर्यंत खुद्द तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दिवशी मूर्तिजापूरची बेबीनंदा पेढे घेऊनच आली.

“म्याडम, गुण आला! अकरा वर्सं माही सासू मले ‘ए काळे’ म्हणूनच हाक मारे. आता नावानं बोलावते. परवा पाहुणे आले, तं चहा घेऊन मलेच समोर धाडलं. नाहीतर नणंदेले धाडे.”

जुईली हरखून गेली. चार वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं म्हणायचं! तिनं घाईघाईनं बेबीनंदाच्या गालावर रंग मोजायचं यंत्र टेकवलं. आकडा पहिल्या दिवशी होता तोच. तिनं बंद पाकिटातली यादी काढून पाहिली. बेबीनंदाच्या सतरा नंबरच्या डबीत नुसतंच मलम होतं.

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

“ताई, तुमच्या डबीत औषध नव्हतंच. रंगही होता तसाच आहे. आता खरी अर्काची डबी देऊ का?”

बेबीनंदानं गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “नोको म्याडम. सासूले हेच मलम लागू पडलं. हेच द्या अजून एक डबी.”